हिरड्याच्या अर्कात 140 टक्के पेशी जिवंत? आधी पेशींशिवायची प्लेट लावा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गुळवेल आणि हिरडा या दोघांचे मिथेनॉलमधले अर्क काढलेत, माणसाच्या रक्तातून पीबीएमसी म्हणजे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट वेगळ्या केल्यात, आणि त्यांच्यावर 24 तासांची एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची टेस्ट) केलीय. गुळवेल 500 मायक्रोग्रॅम प्रति मिली या डोसला 80 टक्के व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) दाखवते, हिरडा मात्र डोस वाढेल तसा चढत चढत 140 टक्क्यांवर गेलाय. गाइड म्हणतात हिरडा "इम्युनोस्टिम्युलेटरी" (रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारा) आहे असं लिहून टाक, आणि तुम्हाला ते पटत नाहीये.

न पटणं अगदी बरोबर आहे. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, वनस्पतींचे अर्क आणि रक्तातल्या पेशी, आणि हा 140 टक्क्यांचा आकडा इतक्या थिसिसमध्ये बघितलाय की सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

सगळ्यात आधी साधा हिशोब करा. तुम्ही पीएचए (लिम्फोसाइटला विभागायला लावणारं प्रोटीन) वगैरे काही न घालता पीबीएमसी ठेवल्यात, म्हणजे त्या रेस्टिंग, न विभागणाऱ्या आहेत. रेस्टिंग लिम्फोसाइट वाटीत पडल्या पडल्या विभागायला लागत नाही, चांगलं जोरदार स्टिम्युलेशन दिलं तरी पहिलं विभाजन व्हायला दिवस-दीड दिवस तरी जातोच. मग 24 तासात 100 च्या 140 पेशी झाल्या कुठून? एकतर त्याच पेशींचा मेटाबॉलिझम वाढलाय, किंवा तो जांभळा रंग पेशींनी बनवलेलाच नाहीये. हिरड्याच्या बाबतीत मला दुसऱ्याचीच शंका जास्त आहे.

एमटीटी मोसमननं 1983 मध्ये आणली तेव्हा तिचा मूळ विचार असा की जिवंत पेशीतली एन्झाइम्स पिवळ्या टेट्राझोलियमला इलेक्ट्रॉन देतात आणि त्याचा जांभळा फॉर्मेझान होतो, रंग जितका जास्त तितक्या जिवंत पेशी जास्त. पण टेट्राझोलियमला इलेक्ट्रॉन कोण देतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. हिरड्यात चेब्युलॅजिक अॅसिड, चेब्युलिनिक अॅसिड, गॅलिक अॅसिड असली टॅनिन आणि फिनॉलिक मंडळी ठासून भरलेली आहेत, आणि ज्या गुणासाठी आपण त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतो तो गुण म्हणजेच इलेक्ट्रॉन देणं. म्हणजे अर्क स्वतःच एमटीटी रिड्यूस करतो, पेशी मेलेल्या असल्या तरी. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट ताकद मोजणाऱ्या टेस्टमध्ये ज्या अर्काचा आकडा झकास येतो ना, त्याची एमटीटी हमखास संशयानं बघायची.

त्यामुळं उद्या लॅबमध्ये गेलात की पहिलं काम हे करा: 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये नुसतं मीडियम आणि तुमच्या सगळ्या डोसचे अर्क, पेशी अजिबात नाहीत, वर एमटीटी, चार तास इन्क्युबेटरमध्ये, मग फॉर्मेझान विरघळवायला डीएमएसओ आणि 570 नॅनोमीटरला रीडिंग. हिरड्याच्या वेल जांभळ्या झाल्या तर उत्तर मिळालं. डीएमएसओ घालायच्या आधी एकदा इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली पण बघाच, कारण खऱ्या पेशी असतात तिथं जांभळे कण पेशींच्या आत आणि अंगाला चिकटून दिसतात, त्यातून सुयांसारखे स्फटिक बाहेर आलेले असतात, आणि नुसत्या अर्कानं झालेला रंग वेलभर सगळीकडे पसरलेला दिसतो, त्याला कुठलं केंद्रच नसतं. रीडर फक्त आकडा देतो, हा फरक डोळ्यांनाच कळतो, म्हणून प्रत्येक प्लेटचे दोन-तीन फोटो काढून ठेवायची सवय लावा.

आता यावर लोक पटकन उपाय काढतात की ब्लँक, म्हणजे बिनपेशींच्या वेलचं रीडिंग, वजा करू. तेवढ्यानं भागत नाही, कारण पेशी असलेल्या वेलमध्ये थोडा अर्क पेशींनी आत घेतलेला असतो, थोडा सीरमच्या प्रोटीनला चिकटून खाली बसलेला असतो, म्हणजे दोन्ही वेलमधली परिस्थिती सारखी राहत नाही. त्यापेक्षा एमटीटी घालायच्या आधी अर्क काढूनच टाका. पीबीएमसी तरंगत्या असतात म्हणून प्लेट सेंट्रिफ्यूज करायची, 300 जी ला 5 मिनिटं, वरचं मीडियम हळूच काढायचं, कोमट पीबीएसनं (मिठाच्या बफरनं) दोनदा धुवायचं, आणि मग फिनॉल रेड (पीएच दाखवणारा रंग) आणि सीरम नसलेल्या मीडियममध्ये एमटीटी द्यायची. या धुण्यात पेशी जातात, सगळ्या वेलमध्ये सारख्या जात नाहीत आणि त्यामुळं एरर बार मोठे येतात, पण मोठा एरर बार परवडला, चुकीचा निष्कर्ष नको.

आणि काहीही झालं तरी एमटीटी एकटी ठेवू नका, वेगळ्या तत्त्वावर चालणारी दुसरी टेस्ट सोबत पाहिजेच. रेझॅझुरिन हा पर्याय नाही, तोही रिडक्शनवरच चालतो आणि तसाच फसतो. एलडीएच (फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजणं) चालेल पण टॅनिन एन्झाइमलाच चिकटून त्याला बंद पाडू शकतात, म्हणजे पेशी फुटल्या तरी एलडीएच कमी दिसणार, शिवाय एफबीएसमध्ये (मीडियममधल्या वासराच्या सीरममध्ये) स्वतःचा एलडीएच असतोच. तपासायचं असेल तर ट्रायटन या डिटर्जंटने फोडलेल्या पेशींच्या वेलमध्ये अर्क घालून बघा, सिग्नल पडला तर तुमच्या अर्कासाठी ती टेस्ट बाद. माझा भरवसा सगळ्यात जास्त दोन गोष्टींवर, एक म्हणजे ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) घालून न्यूबॉअर चेंबरमध्ये हातानं केलेली मोजणी, आणि दुसरी फ्लो सायटोमेट्रीवर (लेझरनं एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) अॅनेक्सिन आणि पीआय, म्हणजे मरू लागलेल्या आणि मेलेल्या पेशी दाखवणारे डाय. ट्रिपॅन ब्लू जुनाट वाटते पण तुमच्या केसमध्ये दहा मिनिटात निकाल लागेल: कंट्रोलमध्ये जितक्या जिवंत पेशी मोजल्या त्याच्या 140 टक्के हिरड्यात मिळतायत का? एक काळजी घ्या, मोनोसाइट प्लास्टिकला चिकटून बसतात, नुसतं पिपेटनं वर-खाली केलं तर त्या वेलमध्येच राहतात आणि मोजणीत फक्त लिम्फोसाइट येतात, म्हणून थंड पीबीएस-ईडीटीए घालून नीट सोडवून घ्या.

फ्लो करणार असाल तर गुळवेलीकडे लक्ष ठेवा. तिच्यात बर्बेरिन आणि पाल्मॅटिन असतं, आणि बर्बेरिन स्वतः चमकतं, हिरव्या-पिवळ्या भागात, म्हणजे नेमकं फिट्सी या हिरव्या डायच्या चॅनलच्या आसपास. अॅनेक्सिन-फिट्सी वापरलंत तर नुसत्या बर्बेरिननं भरलेली धडधाकट पेशी अॅपोप्टॉटिक (मरू लागलेली) म्हणून मोजली जाऊ शकते. दारुहळदीत बर्बेरिन कितीतरी जास्त, तिथं हा त्रास वाढतो, हळदीत कर्क्युमिनमुळं तेच, आणि पानांचा अर्क असेल तर क्लोरोफिल लाल भागात चमकतं. म्हणून अर्क दिलेल्या पण कुठलाही डाय न लावलेल्या पेशींची ट्यूब प्रत्येक डोसला हवीच, आणि पर्याय असेल तर दुसऱ्या रंगाचं अॅनेक्सिन मागवा. अॅनेक्सिनला कॅल्शियम लागतं, त्यामुळं पेशी सोडवायला वापरलेला ईडीटीए आधी पूर्ण धुवून काढा.

आता याच्या उलटी फसवणूक, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हेच पॉलिफिनॉल आरपीएमआय किंवा डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये घातले की मीडियममध्येच ऑक्सिडाइज होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. गॅलिक अॅसिड यात पुढे आहे. म्हणजे पेशी मरतात ते अर्कातल्या औषधामुळं नाही, वाटीत तयार झालेल्या पेरॉक्साइडमुळं, जे शरीरात त्या प्रमाणात होणारच नाही. हे पकडायचं तर एका सेटमध्ये अर्कासोबत कॅटालेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) घाला, मरण्याचं प्रमाण एकदम कमी झालं तर ती विषबाधा मीडियमची. हिरड्याचे तुमचे खरे आकडे एमटीटीच्या पडद्याआड कदाचित खाली गेलेले असतील, आणि त्यातलाही काही भाग या पेरॉक्साइडचा असू शकतो, दोन्ही चुका एकाच प्लेटमध्ये एकमेकींना झाकतात. जास्त डोसला मीडियमचा रंग पण बघा, फिनॉल रेड पिवळं पडलं असेल तर पीएच घसरलाय, आणि गढूळ झालं असेल तर टॅनिननं सीरमची प्रोटीन्स खाली बसवलीत, तसल्या वेलचं रीडिंग घेण्यात अर्थ नाही.

पेशींच्या बाजूनं थोडं. रक्तातून या पेशी वेगळ्या करायची फायकॉलची (ठरावीक घनतेच्या द्रावणाची) पद्धत ब्योयुमची, 1968 ची, आणि अजून तिच्यापेक्षा सोपं काही नाही: रक्त पीबीएसनं निम्मं पातळ करायचं, 1.077 घनतेच्या फायकॉलवर अलगद सोडायचं, 400 जी ला अर्धा तास, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की मधला पांढरा थर विस्कटतो. तापमान 18 ते 20 हवं, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये एसी नसलेली लॅब 35 च्या पुढे जाते, फायकॉल पातळ पडतं आणि यील्ड घसरतं, मग लोक डोनरला दोष देतात. एक मिली रक्तातून साधारण दहा ते वीस लाख पेशी मिळायला हव्यात. धुताना पहिल्यांदा जोरात फिरवलं तरी शेवटचं एक-दोन वेळा 200 जी च्या आसपास हळू फिरवा म्हणजे प्लेटलेट वर राहून निघून जातात. प्लेटलेटमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्या एमटीटी आरामात रिड्यूस करतात, तुमच्या वेलमध्ये त्यांची गर्दी असेल तर तुम्ही मोजताय ते भलतंच. सुरुवातीची व्हायबिलिटी 95 टक्क्यांच्या खाली असेल तर त्या दिवशी प्लेट लावू नका.

रेस्टिंग पीबीएमसीचा एमटीटी सिग्नल मुळात क्षीण असतो, हेलासारख्या सेललाइनला (लॅबमध्ये सतत वाढणाऱ्या कॅन्सर पेशींना) दहा हजार पेशी पुरतात तसं इथं नाही, वेलमागं दोन लाख तरी घ्या. आणि खरं सांगायचं तर एकच सेट रेस्टिंगचा पुरेसा नाही, पीएचए देऊन 72 तास ठेवलेला दुसरा सेट पाहिजे. बरेच विषारी घटक विभागणाऱ्या पेशीलाच मारतात, झोपलेल्या लिम्फोसाइटला काही करत नाहीत. इथं मला एका पद्धतीबद्दल मनापासून राग आहे: कॅन्सरच्या धडाधड वाढणाऱ्या सेललाइनवर आयसी50 (परिणाम निम्म्यावर आणणारा डोस) काढायचं, बाजूला न विभागणाऱ्या पीबीएमसीवर काढायचं, भागाकार करायचा आणि "सिलेक्टिव्हिटी इंडेक्स 15, कॅन्सर पेशी मारतो, नॉर्मल पेशींना सुरक्षित" असं छापायचं. ही तुलनाच असमान आहे. पीएचएनं जागवलेल्या पेशींवर तोच अर्क लावला की तो 15 चा आकडा किती तरी वेळा कोसळतो. ही अशी वाक्यं पुढे बाटलीच्या लेबलवर जातात आणि केमो चालू असलेला पेशंट ती वाचून ते औषध घेतो, म्हणून हा मुद्दा मला फक्त तांत्रिक वाटत नाही.

आता गाइडच्या शब्दाकडे येऊ. समजा सगळे कंट्रोल लावून सुद्धा पेशी खरंच उत्तेजित झालेल्या दिसल्या, टीएनएफ आणि आयएल-6 ही सायटोकाइन (पेशींचे संदेशवाहक प्रोटीन) वाढली. तरी लगेच वनस्पतीला श्रेय देऊ नका, आधी एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या भिंतीतलं विष, म्हणजेच एलपीएस) तपासा. गुळवेल झाडावर उघड्यावर वाढते, बाजारात पोत्यातून येते, हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा करून उन्हात वाळवलेला, त्यावर बॅक्टेरिया असणारच आणि त्यांच्या भिंतीतलं एलपीएस अर्कात उतरणार. मोनोसाइटला एलपीएस इतकं कमी पुरतं की मिलीला पिकोग्रॅममध्ये असलं तरी ती ओरडायला लागते. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरनं बॅक्टेरिया अडतात, एलपीएस निघत नाही, ऑटोक्लेव्हलाही ते दाद देत नाही. एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजायची टेस्ट करा, पण वनस्पतीतले बीटा-ग्लुकन सुद्धा साध्या एलएएलला पॉझिटिव्ह करतात म्हणून ग्लुकन अडवणारं बफर घ्या किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर सी चं किट घ्या. जोडीला अर्क अधिक पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून अडवणारं औषध) असा एक सेट ठेवा, त्यानं सायटोकाइन खाली आलं तर उत्तेजना एलपीएसची होती. पॉलिमिक्सिननं बॅक्टेरियाची लायपोप्रोटीन्स अडत नाहीत हेही डोक्यात ठेवा. याशिवाय बिया आणि शेंगांच्या पाण्यातल्या अर्कात लेक्टिन (पेशींना चिकटून त्यांना चेतवणारी प्रोटीन्स) असतात, आपण वापरतो तो पीएचए स्वतः राजम्यासारख्या घेवड्यातूनच येतो, आणि रिठा-शिकेकाईसारख्यात सॅपोनिन असतात जे मेम्ब्रेनच फोडतात, तिथं वेगळी आरबीसी (तांबड्या पेशी) घेऊन हिमोलायसिस, म्हणजे त्या फुटतात का, बघून घेतलेलं बरं.

डोसबद्दल. 500 मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे किती याचा विचार करून बघा, माणसाचा प्लाझ्मा साधारण तीन लिटर, म्हणजे दीड ग्रॅम कोरडा अर्क एकाच वेळी पूर्ण शोषला जाऊन रक्तात फिरत असला पाहिजे, तसं होत नाही. तिथली 80 टक्के व्हायबिलिटी बघून गुळवेल विषारी म्हणणंही घाई आणि तिथं काही झालं नाही म्हणून सुरक्षित म्हणणंही घाई. 1 मायक्रोग्रॅमपासून सुरू करा, अर्ध्या लॉगच्या (दरवेळी साधारण तिप्पट) पायऱ्यांनी वर जा. अर्क विरघळवायला वापरलेला डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखाच ठेवा: मिलीला 100 मिलीग्रॅमचा स्टॉक असेल तर 500 ला अर्धा टक्का डीएमएसओ जातो आणि 50 ला त्याच्या दशांश, मग डोस कर्व्ह अर्काचा की डीएमएसओचा ते कळत नाही. आणि लोक पितात तो काढा, म्हणजे पाण्यातला. मिथेनॉलच्या अर्कावरून काढ्याबद्दल बोलायचं नाही, दोन्ही करा.

डोनरच्या बाबतीत एकच पक्कं लक्षात ठेवा, तीन वेल म्हणजे एन तीन नव्हे. एकाच माणसाच्या रक्ताच्या तीन वेल हा एकच आकडा, एन म्हणजे माणसं. तीन डोनर ही अगदी किमान मर्यादा, पाच-सहा झाले तर निवांत. प्रत्येक डोनरचा स्वतःचा कंट्रोल आणि तुलना जोडीनं करायची. गेल्या आठवड्यात ताप आला, अँटीहिस्टामिन घेतलं, स्टेरॉइड चालू आहे, अश्वगंधा किंवा गुळवेलीच्याच गोळ्या चालू आहेत, हे सगळं विचारून नोंदवा. एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती रक्त घ्यायच्या आधी, नंतर नाही, आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हे स्पष्ट आहे, वर्गमित्र आहे म्हणून सूट नसते, उलट ज्युनियर मुलांवर नाही म्हणता न येण्याचं दडपण असतं म्हणून जास्तच काळजी. स्वतःचं रक्त वापरू नका, कल्चरमध्ये बदललेल्या स्वतःच्याच पेशी सुईतून परत अंगात गेल्या तर शरीर त्यांना परकं समजून हाकलेलच असं नाही. काम बीएसएल-2 (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) च्या कॅबिनेटमध्ये, हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असू द्या, आणि कचरा 2016 च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे, बेसिनमध्ये ओतायचा नाही.

आता एक मोठी गोष्ट, जी तुमच्या गुळवेलीशी थेट जोडलेली आहे. 2021 मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी सहा पेशंट छापले, कोविडच्या काळात गुळवेल घेत होते आणि लिव्हरला ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी इजा झाली होती. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, दिसायला जवळची टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक सेंटरचा मिळून अशाच 43 पेशंटचा अभ्यास आला. बाजू कुणाचीही घ्या, तुमच्या प्रोजेक्टसाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक, तुमची गुळवेल खरंच टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आहे याचा कागद हवा, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं ऑफिस आहे, तिथं नमुना देऊन ओळख पटवून घ्या आणि व्हाउचर नंबर (जपून ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक) थिसिसमध्ये टाका. दुकानातून आणलेल्या कांडीवर केलेलं काम पुढे कोणीही एका प्रश्नात उडवून लावेल. दोन, तुमच्या प्लेटमध्ये लिव्हर नाहीये. पीबीएमसी अर्काचं मेटाबॉलिझम लिव्हरसारखं करत नाहीत, आठवडेच्या आठवडे रोज घेतल्यावर काय होतं ते दाखवत नाहीत, आणि काही मोजक्याच लोकांच्या इम्यून सिस्टीमची होणारी वेगळी प्रतिक्रिया पाच डोनरमध्ये सापडणार नाही. पेशी जिवंत असून कामातून गेलेली असू शकते हेही आहेच, त्यासाठी सीएफएसई (विभाजन मोजणारा डाय) लावून पीएचएला प्रतिसाद देते का, सीडी69 (पेशी जागी झाल्याची खूण) वर येतं का, एवढं तरी बघा. वेळ आणि पैसा असेल तर डीएनएवरच्या परिणामासाठी लिम्फोसाइटमधली मायक्रोन्यूक्लियस टेस्ट आहे, ओईसीडीची 487 नंबरची गाइडलाइन, तुमच्याकडे पेशी तयारच आहेत.

मग थिसिसमध्ये लिहायचं काय? पेशींशिवायच्या प्लेटमध्ये हिरडा जांभळा झाला तर तो निकाल म्हणूनच लिहा, आकड्यांसकट, लपवू नका, पुढच्या मुलाचं एक वर्ष वाचेल. "हिरड्याच्या मिथेनॉल अर्कात एमटीटी विश्वासार्ह नाही, ट्रिपॅन ब्लू आणि फ्लोनुसार अमुक डोसपर्यंत 24 तासात जिवंत पेशींत फरक नाही" हे वाक्य इम्युनोस्टिम्युलेटरीपेक्षा कमी झळकतं पण व्हायवात कोणी हलवू शकत नाही. गाइडना सांगायला अवघड वाटत असेल तर शब्दात सांगूच नका, ती बिनपेशींची जांभळी प्लेट आणि ट्रिपॅन ब्लूची मोजणी समोर ठेवा. आणि या बॅचचा कोरडा अर्क शिल्लक असेल तर छोट्या ट्यूबमध्ये वाटून, तारीख आणि व्हाउचर नंबर टाकून उणे 20 ला ठेवा, एंडोटॉक्सिनचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तो याच बॅचचा असला तरच तुमच्या आकड्यांना लागू होईल.